‘अथवा’च्या पलीकडचे नाव : लग्नमांडवातील मराठी पुस्तके

अलीकडे शहरांतल्या काही लग्नांत एक नवी सजावट दिसू लागली आहे. स्वागताच्या टेबलावर फुलांच्या जोडीला पुस्तकांचे लहान लहान ढीग रचलेले असतात. कणे पाहुण्यांकडे, पाने भिंतीकडे. मध्येच एखादी समई, एखादा मोगऱ्याचा गजरा. पुस्तके निवडण्याचा निकष एकच : नाव प्रसंगाला शोभले पाहिजे. ‘स्वयंवर’ चालते, ‘सौभद्र’ चालते, ‘हिंदोळ्यावर’ तर फारच चालते. ‘एकच प्याला’ चालत नाही.

हा निकष वरवरचा म्हणून हसण्यावारी नेता येईल. पण मराठी ग्रंथाचे लग्नाशी असलेले नाते सातशे वर्षांहून जुने आहे. त्या नात्यात नावाला कधी, किती आणि का महत्त्व आले, हे शोधू लागले की मराठी विवाहाचा इतिहासच एका बाजूच्या दाराने समोर येतो. प्रस्तुत लेखात त्याच दाराने आत जायचे आहे.

सुरुवात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरपासून करावी लागते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभावांचे श्रीगोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, तेथे राहत होते. त्यांच्या लीळा लोकविलक्षण. एकदा त्यांना आपला विवाह व्हावा अशी लहर आली आणि भक्तमंडळींनी तो सोहळा खरोखरच मांडला. लग्न म्हटले की गाणी हवीत. ती गाण्याचे काम महदाइसेकडे, म्हणजेच महदंबेकडे आले. तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा गाण्यात गुंफली. ‘धवळा’ म्हणजे वराला उद्देशून गायचे लग्नगीत. म्हणून ती रचना ‘धवळे’ या नावाने ओळखली जाते. महदंबेला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतो. तेव्हा एका बाईने रचलेली मराठीतली पहिली महत्त्वाची कविता ही लग्नात म्हणण्यासाठी, लग्नातच जन्मलेली आहे. तिचे नाव हे खऱ्या अर्थाने शीर्षक नाहीच, ते गाण्याच्या प्रकाराचे नाव आहे. ओवी, आरती, पाळणा म्हणावे तसे धवळे. तिथे नाव पाहणारा कोणी नव्हता, ऐकणारे होते.

त्यानंतरची काही शतके रुक्मिणीची कथा मराठी कवींच्या हातून सुटलेली नाही. महानुभाव कवी नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ तेराव्या शतकाच्या अखेरचे. रामदेवराव यादवाने ते काव्य आपल्या नावावर करून मागितले आणि कवीने द्रव्य नाकारून नकार दिला, अशी आख्यायिका आहे. पुढे १५७१ मध्ये, शके १४९३ ला, एकनाथांनी काशीत आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. अठरा प्रसंगांच्या या काव्यात जीव आणि शिव यांच्या ऐक्याचे रूपक आहे. पण महाराष्ट्रातल्या घरांनी ते रूपक म्हणून वाचले नाही. उपवर मुलीने या पोथीचे पारायण केले की लग्न जुळते, अशी श्रद्धा रुजली आणि ती आजही आहे. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नव्हते त्या घरातही ही पोथी असे.

येथे नावाचा पहिला प्रश्न उभा राहतो. भागवताच्या दशम स्कंधातली मूळ कथा पाहिली तर तिच्यात स्वयंवराचा मंडप नाही, जमलेल्या राजांमधून वराची निवड नाही, वरमाला घेऊन फिरणारी राजकन्या नाही. भाऊ रुक्मी बहिणीला शिशुपालाला द्यायचे ठरवतो. बहीण गुपचूप एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र धाडते. लग्नाआधी देवीच्या दर्शनाला जाण्याची रीत असते, तेव्हा तेथून मला घेऊन जा, असा बेतही तीच सुचवते. कृष्ण येतो, तिला रथात घेतो आणि मागून युद्ध होते. धर्मशास्त्राच्या भाषेत हा राक्षसविवाह, म्हणजे हरण. सतराव्या शतकातल्या सामराजाने आपल्या काव्याला सरळ ‘रुक्मिणीहरण’ असेच नाव दिले.

एकच कथा, दोन नावे. ‘हरण’ या नावात कर्ता पुरुष आहे. ‘स्वयंवर’ या नावात कर्ती मुलगी आहे. कथेतल्या घटना पाहिल्या तर पहिले नाव खरे. मुलीच्या मनाकडे पाहिले तर दुसरे. पारायणाला बसणाऱ्या मुलींच्या हाती दुसऱ्या नावाची पोथी आली. कोणी ‘हरणा’चे पारायण केल्याचे ऐकिवात नाही. पण ज्या मुली आठव्या-दहाव्या वर्षी ‘स्वयंवर’ ऐकत होत्या, त्यांच्यापैकी कितीजणींना वर निवडण्याची मुभा होती? नावाने जे दिले होते ते रीतीने दिले नव्हते. कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि तेही रिद्धपूरसारखे अमरावती जिल्ह्यातच आहे. विदर्भाच्या त्या कन्येने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध पत्र लिहिले, म्हणून ती आराध्य. घरातल्या मुलीने तसे पत्र लिहिले असते तर मात्र काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

तरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे सगळे ग्रंथ हस्तलिखित पोथ्यांच्या रूपात होते. पोथीला कणा नसतो. सुटी पाने, वरखाली फळ्या, भोवती कापडी बासन. आरंभी गणेशाला नमन आणि ग्रंथाचे नाव कुठे, तर प्रसंगाच्या किंवा अध्यायाच्या शेवटी, ‘इति श्री’च्या ओळीत. म्हणजे नाव कळायचे ते वाचून झाल्यावर. पोथ्यांचा ढीग रचून ‘पाहा, नावे किती शोभतात’ असे कोणाला दाखवणे शक्यच नव्हते. लग्नाच्या घरी ग्रंथ येत होता तो आवाजाच्या रूपाने : गाणे म्हणून, पारायण म्हणून, मंगलाष्टक म्हणून.

हे चित्र बदलले ते छापखान्याने. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून विकायला काढले. लग्नाचा मुहूर्त ज्यातून काढायचा ते पंचांगच छापील झाले, तेव्हा लग्नघरात शिरलेल्या पहिल्या छापील वस्तूंत त्याची गणना करायला हरकत नाही. छापील ग्रंथाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसे तो शिवत नसत. त्यांच्यासाठी तुपाची शाई वापरली गेली, असे मुद्रणाच्या इतिहासात सांगितले जाते. नव्या वस्तूला घरात घेताना ती शुद्ध आहे ना, हा प्रश्न तिच्या शाईपासून सुरू झाला होता. नावापर्यंत तो अजून पोचायचा होता.

छापील पुस्तकाला मुखपृष्ठ आले, पुढे कणा आला आणि नाव शेवटच्या ओळीतून उठून पहिल्या पानावर येऊन बसले. दुकानात आणि जाहिरातीत आता आधी नाव भेटू लागले, मग पुस्तक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लेखकांना ही अडचण नीट कळली होती. लहान नाव गोड असते पण पुरेसे खरे नसते; खरे सांगायला जावे तर नाव लांबते. त्यावर त्यांनी संस्कृत आणि इंग्रजी ग्रंथांच्या धाटणीने एक तोड काढली. ती म्हणजे ‘अथवा’.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ मधली कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते. नुसते नाव वाचले तर नवविवाहित जोडप्याचा प्रवास डोळ्यांसमोर येतो, आणि गंमत म्हणजे ते खरेही आहे. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवासालाच निघते. पण पूर्ण नाव आहे ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. त्या प्रवासात तिला जागोजागी भेटतात त्या विधवा, आणि पुढे तिचाही नवरा जातो. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक आले. कायदा आणि पुस्तक एकाच प्रश्नाची दोन उत्तरे होती. नवविवाहितांच्या टेबलावर ‘यमुनापर्यटन’ ठेवणारा माणूस ‘अथवा’च्या अलीकडेच थांबलेला असतो.

दुसरे उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. १८८२ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या निबंधाच्या पाचशे प्रती काढल्या होत्या आणि किंमत होती नऊ आणे. नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’. हेही नाव वधूवरांच्या मधोमध ठेवण्यासारखे वाटेल. पण येथेही ‘अथवा’ आहे आणि त्याच्या पलीकडे स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हे स्पष्ट करून दाखवण्याची प्रतिज्ञा आहे. सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर आपले अर्भक मारल्याचा खटला झाला, त्यावर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेचा भडिमार झाला, आणि त्या संतापातून हा निबंध लिहिला गेला. तुलना येथे कौतुकाची नाही, हिशेबाची आहे.

‘अथवा’ ही केवळ सुधारकांची मिरास नव्हती. ना. बा. कानिटकर यांनी १८८६ मध्ये स्त्रीशिक्षणाची टर उडवणारे नाटक लिहिले. त्याचे नाव ‘तरुणीशिक्षणनाटिका’, आणि ‘अथवा’पुढे आधुनिक तरुणीशिक्षण व स्त्रीस्वातंत्र्य यांच्या भविष्यकथनाची घोषणा. स्वयंपाकाचे पुस्तकही या रीतीला अपवाद नव्हते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे १९१० चे पुस्तक ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’. पहिला भाग जिव्हाळ्याचा, दुसरा भाग हिशेबाचा. म्हणजे त्या काळच्या नावाची घडण अशी : ‘अथवा’च्या अलीकडे पाहुण्यांना दाखवायची बैठकीची खोली आणि पलीकडे घरातले खरे व्यवहार. दोन्ही एकाच उंबऱ्याला लागून. वाचकाला फसवायचे नव्हते. उंबरा ओलांडायला लावायचे होते.

याच दशकात मुंबईच्या न्यायालयात एक खटला चालला होता आणि त्यातल्या स्त्रीचे नाव होते रखमाबाई. रखुमाई म्हणजेच रुक्मिणी. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना नवऱ्याच्या घरी नांदायला पाठवावे म्हणून नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. जाणत्या वयात, संमतीने न झालेले लग्न मी का मानावे, हा त्यांचा प्रश्न होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद. त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्या वादातूनच संमतिवयाचा प्रश्न पेटला आणि १८९१ मध्ये ते वय दहावरून बारावर आले. जिच्या नावाची पोथी घरोघरी ‘स्वयंवर’ म्हणून वाचली जात होती, त्याच नावाच्या एका बाईला स्वतः वर नाकारायचा अधिकार मागितल्याबद्दल तुरुंग दाखवला गेला. पोथीच्या नावातला ‘स्वयं’ हा शब्द शब्दशः घेतला तर काय होते, हे त्या खटल्याने महाराष्ट्राला दाखवून दिले.

विसाव्या शतकात नावातला ‘अथवा’ हळूहळू गळाला. गोविंद बल्लाळ देवल यांच्या एकाच नाटकात हा बदल पाहता येतो. इंग्रजी आणि त्यामागच्या फ्रेंच प्रहसनावरून रचलेल्या त्यांच्या गद्य नाटकाचे नाव होते ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीची करामत’. त्याचीच संगीत आवृत्ती १९१६ मध्ये रंगभूमीवर आली ती ‘संशयकल्लोळ’ या एका शब्दात. जाहिरातीला, भिंतीवरच्या कागदाला आणि लोकांच्या तोंडी बसायला एक शब्द बरा. त्याच वर्षी खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले आणि बालगंधर्वांची रुक्मिणी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. येथे तर रुक्मिणीचे नावही नावातून गेले. उरले ते नुसते स्वयंवर.

नाव असे आटोपशीर झाले आणि त्याबरोबर पुस्तकाचा उंबराही दिसेनासा झाला. आता नावापलीकडे काय आहे हे कळायला पुस्तक उघडण्यावाचून मार्ग राहिला नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ पत्रात आलेल्या आणि १८९३ मध्ये पुस्तकरूप झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचे नाव निदान प्रश्न विचारते आणि सावध करते. (तिची नायिकाही यमुनाच, आणि तीही विधवा. पदमनजींच्या यमुनेला पुनर्विवाहाची वाट मिळाली. हरिभाऊंच्या यमूला ती मिळाली नाही.) पण देवलांचे १८९९ मधले ‘शारदा’ हे नाव कोणत्याही मुलीचे असू शकते, आणि नाटक आहे पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे. विभावरी शिरूरकरांच्या १९३४ च्या ‘हिंदोळ्यावर’ या नावाने पाळणा, झोपाळा, श्रावण असे काहीही सुचेल. आत प्रश्न आहे तो लग्न फसलेल्या स्त्रीने लग्नाबाहेर सहजीवन शोधावे का, हा. त्या काळात तो इतका जळजळीत होता की लेखिकेने स्वतःचेच नाव झाकले होते. पुस्तकाचे नाव मोहक आणि लेखिकेचे नाव बनावट, ही जोडी त्या दशकाबद्दल पुष्कळ सांगून जाते.

नाव मंगल केले की अवघड विषय घरात घेता येतो, हे चित्रपटवाल्यांनाही उमजले होते. ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी प्रभात कंपनीने १९३७ मध्ये पडद्यावर आणली तेव्हा तिचे नाव ठेवले ‘कुंकू’. फसवून लावलेले म्हाताऱ्याशी लग्न मानायला नकार देणाऱ्या नीराची ती गोष्ट. हिंदीत तिचे नाव ‘दुनिया न माने’ झाले. मूळ मराठी नाव आणि हिंदी नाव दोन्ही नकाराची. मधले मराठी नाव तेवढे सौभाग्याचे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आचार्य अत्र्यांचे १९३६ चे ‘लग्नाची बेडी’ हे नाव ऐकून कोणीही ते मांडवाबाहेर ठेवील. पण नाटकात संसार मोडत नाहीत. भरकटलेले नवरे हसत-हसवत ठिकाणावर येतात. ‘संशयकल्लोळ’चेही तेच. नाव अभद्र आणि शेवट गोड. नावावरून निवड करणारा माणूस दोन्हीकडे चुकतो : दुःखाला आत घेतो आणि आनंदाला बाहेर ठेवतो.

या चुकीची सर्वांत बोलकी उदाहरणे नंतरच्या काळातली आहेत. रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही १९६२ मधली कादंबरी माधवराव आणि रमाबाई यांच्या दांपत्यप्रेमासाठी वाचली गेली आणि आजही लग्नात भेट दिली जाते. नाव तर पत्नीच्या तोंडचे संबोधनच. पण इतिहासाने ठरवलेला शेवट लेखकाला बदलता येत नाही : १७७२ मध्ये थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. जयवंत दळवींचे ‘नातीगोती’ हे नाव सोयऱ्याधायऱ्यांच्या मेळाव्याला किती शोभते. नाटक आहे मतिमंद मुलाच्या आईबापांचे. सुनीताबाई देशपांडे यांनी १९९० मध्ये आपल्या पुस्तकाचे नाव ‘आहे मनोहर तरी’ एवढेच ठेवले. वाक्य ‘तरी’वर तोडले. जुना ‘अथवा’ येथे वेगळ्या रूपाने परत आला आहे, फरक इतकाच की त्याच्या पलीकडची जागा मोकळी सोडली आहे.

आणि ‘कन्यादान’. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९८३ चे. समाजवादी घरातली ज्योती एका दलित कवीशी लग्न करते, मारहाण सोसते, आणि बापाच्या आदर्शांनीच आपल्याला इथवर आणले असे त्याला सुनावते. या नाटकावर वादही झाले आणि त्याला सरस्वती सन्मानही मिळाला. माझ्या पुतणीच्या लग्नात टेबलावर मांडायच्या पुस्तकांची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या भावाने कपाटातून स्वतः काढून आणलेले एकमेव पुस्तक हे. त्याने ते वाचलेले नव्हते. नाव पाहिले होते. पुतणीने ते उचलून बाजूला ठेवले.

“आत्या, पुस्तक राहू दे हवं तर. विधी नको.”

“अगं, हात देतोय तुझा, वस्तू नाही देत,” दादा म्हणाला.

“मग दान कशाला म्हणायचं बाबा?”

वहिनी काहीच बोलली नाही. त्या विधीत बापाच्या शेजारी आईही बसते आणि हातावर पाण्याची धार तीच धरते, हे तिला त्या क्षणी आठवले असावे. पुढचे दोन दिवस घरात पुस्तकांचा विषय निघाला नाही. शेवटी टेबलावर ‘कन्यादान’ नव्हते आणि होमापुढेही नव्हते. दादाने ते मान्य केले, पण मनापासून नाही. मुलीला निरोप द्यायची आपली हक्काची घटका कोणीतरी काढून घेतली, असे त्याला वाटत राहिले. त्याचे दुःख खोटे नव्हते आणि तिचा प्रश्नही खोटा नव्हता. एका नाटकाच्या नावाने तो प्रश्न घरात आणला, जो एरवी कोणी काढला नसता. नावावरून पुस्तके निवडण्याच्या खटाटोपाला मी हसत नाही, त्याचे कारण हे.

लग्नघरात पुस्तकाला हक्काची जागा खरे तर एकाच ठिकाणी होती, ती रुखवतात. लाडू, करंज्या, भरतकाम, काचेच्या मण्यांची तोरणे यांच्या रांगेत गेल्या शतकात पाककृतींचे पुस्तक येऊन बसले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ती कित्येक मुलींबरोबर सासरी गेली, परदेशीही गेली. मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’ तर नावानेच माहेरकडून मिळणाऱ्या पितळी अन्नपूर्णेशी जुळते. येथे नाव आणि आतला मजकूर यांत अंतर नाही. पण या नावांनी मुलीला दिले काय, तर स्वयंपाकघर. नाव खरे निघाले ते याच एका कपाटात, याची नोंद घ्यायला हवी.

मग लग्नाला खरोखर शोभेल असे मराठी पुस्तक कोणते? माझ्या मते अशी पुस्तके आहेत, पण त्यांच्या नावात लग्न नाही. रमाबाई रानड्यांचे १९१० चे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ घ्या. १८७३ मध्ये त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता वडिलांच्या आग्रहापुढे नमून कुमारिकेशी लग्न करतो, हा विसंवाद त्या लग्नाच्या मुळाशीच आहे. तरी लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या त्या मुलीने पुढे लिहिलेले पुस्तक ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’ आयुष्याचे आहे. त्या एका सर्वनामात प्रेमही आहे आणि त्या काळच्या पत्नीचा संकोचही. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी विवाह केला आणि मुरुडने त्यांना वाळीत टाकले. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘आत्मवृत्त’ आणि त्या गोदूबाईंचे, म्हणजे आनंदीबाईंचे, ‘माझे पुराण’. एकाच संसाराची दोन पुस्तके, दोन्हींची नावे अगदी कोरडी. सजावट करणाऱ्याच्या नजरेत ती भरणार नाहीत.

त्याहून कोरडे नाव एका पुस्तिकेचे आहे : ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधी’. जोतीराव फुल्यांची ही पुस्तिका १८८७ ची, म्हणजे रखमाबाईंना कैदेचा हुकूम झाला त्याच वर्षातली. पुरोहिताविना सत्यशोधक पद्धतीचा विवाह पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी लागला होता. त्या रीतीचा मजकूर येथे छापून हाती आला. या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांचे हक्क मागते, वर ते देण्याचे वचन देतो. न्यायालयात एका रुक्मिणीला जे नाकारले गेले ते या छोट्या पुस्तिकेत मांडवातल्या प्रत्येक मुलीच्या तोंडी घातले होते. ‘स्वयंवर’ हा शब्द तिच्या नावात कुठेही नाही. आत मात्र तोच आहे.

हे सगळे ग्रंथ शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. महदंबेचे धवळे गायले गेले. एकनाथांची पोथी मोठ्याने वाचली गेली. फुल्यांची मंगलाष्टके वधूवरांनी म्हणायची होती. लग्नात मराठी ग्रंथ आला तो नेहमी कोणाच्या तरी आवाजातून, आणि बहुतेक वेळा बाईच्या आवाजातून. छापखान्याने नाव पुढे आणले, जाहिरातीने ‘अथवा’ काढून टाकला, आणि आता टेबलावर फक्त कणा उरला. लग्नाच्या इतिहासात पुस्तक गप्प बसण्याची ही पहिलीच वेळ आहे. त्यावर उपाय फार अवघड नाही. नावे शोभणारी असोत वा नसोत, ढिगातले एक पुस्तक कोणीतरी उघडावे आणि मंगलाष्टकांच्या आधी किंवा नंतर त्यातले एक पान मोठ्याने वाचावे. शक्य तर ते वधूनेच निवडलेले असावे.